आधी अक्षरं बघा, मग ताकद: मेगामॅन बॅटल नेटवर्क ३ मध्ये ३० चिप्सचा फोल्डर कसा बांधावा

मेगामॅन बॅटल नेटवर्क ३ नव्याने हातात घेणाऱ्याला बहुतेक जण एकच सल्ला देतात: जास्त ताकदीच्या चिप्स जमव आणि फोल्डरमध्ये भर. (चिप म्हणजे लढाईत वापरायचा एक हल्ला किंवा मदत, आणि फोल्डर म्हणजे लढाईला नेायच्या ३० चिप्सचा संच.) हा सल्ला चुकीचा आहे. तो मानून मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा साध्यासुध्या व्हायरसांसमोरही, म्हणजे गेममधल्या नेहमीच्या शत्रूंसमोरही, माझा जीव मेटाकुटीला यायचा. फोल्डरमध्ये एकाहून एक भारी चिप्स होत्या, पण लढाईत हाताला एकच लागायची. कारण कळायला मला फार वेळ लागला. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

कॅपकॉमचा हा गेम गेम बॉय ॲडव्हान्ससाठी जपानमध्ये २००२ मध्ये आला. २०२३ मध्ये मालिकेतले दहा गेम दोन भागांच्या संग्रहात पुन्हा निघाले, त्यातल्या पहिल्या भागात या तिसऱ्या गेमच्या ब्लू आणि व्हाइट दोन्ही आवृत्त्या आहेत. खाली जे सांगतो ते दोन्हींना लागू आहे. बटणं कोणती आणि कथा कुठे जाते, हे गेम स्वतःच नीट शिकवतो.

पहिली पायरी: मैदान समजून घ्या

मैदान सहा बाय तीन पॅनेलचं. डावे तीन स्तंभ तुमचे, उजवे तीन शत्रूचे. लढाई सुरू होताना आणि नंतर वरचा कस्टम गेज, म्हणजे हळूहळू भरणारी पट्टी, भरला की तुम्ही कस्टम स्क्रीनवर चिप्स निवडता. मधल्या काळात सगळं वेगात चालू असतं आणि हातात बस्टर, म्हणजे चिपशिवाय चालणारी साधी बंदूक, असतो. एवढं पुरे.

दुसरी पायरी: फोल्डर बांधा

सगळं अडतं ते इथे, त्यामुळे इथे घाई करू नका.

प्रत्येक चिपवर एक अक्षर असतं, त्याला कोड म्हणतात. कस्टम स्क्रीनवर सुरुवातीला पाच चिप्स दिसतात. त्यांतून एका वेळी एकापेक्षा जास्त उचलायच्या असतील तर नियम दोनच: एकतर सगळ्यांचं अक्षर एक हवं, किंवा सगळ्यांचं नाव एक हवं. दोन्हींची सरमिसळ चालत नाही. म्हणजे ए कोडचा कॅनन आणि बी कोडचा कॅनन एकत्र उचलता येतात, कारण नाव एक. पण त्यांच्यामागे बी कोडची दुसऱ्या नावाची चिप लावायला गेलात तर गेम नाही म्हणतो. ताऱ्याचा कोड असलेली चिप कुठल्याही अक्षरासोबत जाते.

वाचताना हे सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण माझ्या पहिल्या फोल्डरमध्ये पंधराएक वेगवेगळी अक्षरं होती. पाच चिप्स समोर यायच्या, पाचांची अक्षरं पाच, मी सगळ्यांत ताकदीची एक उचलायचो आणि ती चुकली की गेज भरेपर्यंत नुसता बस्टर. मला वाटायचं माझा नेम वाईट आहे. नेमाचा प्रश्नच नव्हता.

त्याहून मोठं नुकसान लगेच दिसत नाही. तुम्ही न उचललेल्या चिप्स स्क्रीनवर तशाच राहतात. उचललेल्यांच्या जागीच नव्या येतात. एक उचलली तर पुढच्या वेळी एकच नवी दिसते. तीन उचलल्या तर तीन नव्या. त्यामुळे विखुरलेल्या अक्षरांचा फोल्डर दुहेरी मारतो: आत्ता एकच वार, आणि पुढच्या वेळीही त्याच चार चिप्स तोंडासमोर बसलेल्या. फोल्डरच्या तळाशी असलेली तुमची लाडकी चिप त्या लढाईत दिसतच नाही. एका अक्षराचा फोल्डर मात्र भराभर वाहतो.

आकड्यांत सांगतो. ३० पैकी १० चिप्स एका अक्षराच्या असतील तर पहिल्या पाचांत त्या अक्षराच्या सरासरी १.७ येतात. १५ असतील तर अडीच. दीड-पावणेदोन आणि अडीच यांतला फरक कागदावर लहान दिसतो, पण एकटा वार आणि जोडवार यांतला तो फरक आहे. म्हणून माझं ठाम मत: मुख्य अक्षराच्या १४ ते १६ चिप्स हव्यातच. बाराच्या खाली जाऊ नका, कोणी कितीही भारी चिप दाखवली तरी.

अक्षर निवडायचं कसं? आवडती चिप धरून तिच्या अक्षरामागे धावू नका. मी तसं केलं आणि त्या अक्षरात दुसरी काही कामाची चिपच नव्हती. साठ्यात जा, चिप्स कोडनुसार लावून घ्या आणि कुठल्या अक्षरात मारणाऱ्या दोन-तीन प्रकारच्या चिप्स आणि जमलं तर शत्रूची जागा बळकावणारी एरियाग्रॅब आहे ते पाहा. ते अक्षर तुमचं. एकाच नावाच्या जास्तीत जास्त चार चिप्स ठेवता येतात, मेगा या वरच्या वर्गाच्या चिप्स पाच आणि गिगा या सर्वांत वरच्या वर्गाची एक, हे लक्षात असू द्या.

उरलेल्या जागांत एकाच नावाच्या चारचारांचे एक-दोन गट घाला, म्हणजे मुख्य अक्षर आलं नाही तरी नावावर जोडी जमते. मग चार-पाच ताऱ्याच्या चिप्स. हल्ला दहाने वाढवणारी ताऱ्याची चिप लोक क्षुल्लक म्हणून टाकून देतात; तसं करू नका. ती तिच्या आधी निवडलेल्या चिपला लागते. व्हल्कनसारखी तीन गोळ्या मारणारी चिप असेल तर प्रत्येक गोळीला लागते, म्हणजे दहाचे तीस होतात. बचावाच्या किंवा प्रकृती भरून काढणाऱ्या चिप्स दोन पुरतात. पाच ठेवल्या तर त्याच स्क्रीन अडवून बसतात.

आता प्रोग्रॅम ॲडव्हान्स. ठरावीक चिप्स ठरावीक क्रमाने उचलल्या की त्यांची मिळून एक मोठी चिप होते. सोर्ड, वाइडसोर्ड, लाँगसोर्ड, तिन्ही एकाच अक्षराच्या आणि याच क्रमाने, म्हणजे लाइफसोर्ड. तिन्ही सोर्ड ८०-८० च्या. लाइफसोर्ड ४०० ची, आणि समोरचे दोन स्तंभ, तिन्ही ओळी एका घावात.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: तिन्हीची एकेक चिप ठेव, कधी ना कधी येईल. हिशोब करा. तिन्ही एकेक असतील तर पहिल्या पाचांत तिन्ही येण्याची शक्यता ४०६ मध्ये एक. मी असा फोल्डर कितीतरी दिवस घेऊन फिरलो आणि लाइफसोर्ड एकदाही पहिल्या स्क्रीनवर पाहिली नाही. तिन्हीच्या चार-चार ठेवल्या तर हीच शक्यता ११ टक्क्यांवर जाते, म्हणजे साधारण नऊ लढायांत एकदा.

त्याच्याही पुढे जाता येतं. फोल्डरमधली एक चिप रेग्युलर म्हणून लावता येते. ती पहिल्या स्क्रीनवर नक्की येते. अट एवढीच की तिच्यावर लिहिलेला मेमरीचा आकडा तुमच्या रेग्युलर मेमरीच्या मर्यादेत बसायला हवा. बहुतेक जण तिथे सर्वांत ताकदीची चिप लावतात. माझं म्हणणं, जोडीतला जो तुकडा सर्वांत कमी आहे तो लावा. तिन्ही सोर्ड चार-चार असताना त्यांतली एक रेग्युलर केली की लाइफसोर्ड पहिल्याच स्क्रीनवर मिळण्याची शक्यता १९ टक्क्यांच्या जवळ जाते. पाच लढायांत जवळपास एकदा. फोल्डर तोच, फक्त एक चिप निशाणी लावून पुढे आणली.

एक इशारा मनापासून. फोल्डर ठरेपर्यंत चिप ट्रेडरमध्ये चिप्स टाकू नका. तीन चिप्स देऊन एक मिळते, मोह होतो. मी ‘फालतू’ म्हणून दिलेल्या चिप्समध्ये माझ्याच अक्षराची लाँगसोर्ड होती, आणि ती परत मिळवायला मला त्याच व्हायरसामागे तासन्‌तास फिरावं लागलं. देताना नाव बघू नका, अक्षर बघा.

तिसरी पायरी: चिप्स मिळवा

बस्टिंग लेव्हल, म्हणजे लढाई संपल्यावर मिळणारा दर्जा, जितकी वर, तितकी चांगली चिप. लवकर संपवा, मार खाऊ नका, कमी हला आणि दोन-तीन शत्रू एकाच घावात उडवा. वाइडसोर्ड समोरच्या स्तंभाच्या तिन्ही ओळी कापते, त्यामुळे एका स्तंभात आलेल्यांसाठी तीच.

चौथी पायरी: लढताना

चिप्स ज्या क्रमाने निवडता त्याच क्रमाने सुटतात, म्हणून निवडतानाच लढाई मनात खेळून घ्या. एरियाग्रॅब आधी, सोर्ड नंतर. एरियाग्रॅब शत्रूचा पुढचा स्तंभ तुमच्याकडे आणतो, पण ज्या पॅनेलवर शत्रू उभा आहे ते पॅनेल मिळत नाही. त्याला १० चा फटका बसतो आणि जागा त्याचीच राहते. म्हणून तो मागे सरकलेला असताना वापरा.

गेज भरला म्हणून लगेच स्क्रीन उघडू नका. भरलेला गेज कुठे जात नाही. हातात न वापरलेल्या चिप्स असताना नव्या निवडल्या तर जुन्या वाया जातात, हे मी अनेकदा अनुभवलं आहे. शिवाय स्क्रीन उघडली की सगळं थांबतं, आणि त्याचा उपयोग करून घ्या: एखादा हल्ला अंगावर येताना उघडा, कोण कुठे आहे ते शांतपणे बघा, पुढची उडी ठरवा आणि मग चिप्स निवडा.

समोर मेटॉर नावाचे तीन व्हायरस असतील तर ते आळीपाळीने हल्ला करतात. तुमच्या ओळीत येऊन कुदळ आपटतात आणि जमिनीवरून लाट सोडतात. ज्याची पाळी आहे त्याच्यावर लक्ष ठेवा. कॅनोडंब हा तोफेचा व्हायरस जागचा हलत नाही, पण त्याची नेम धरणारी खूण तुमच्या ओळीतून सरकत येते. ती तुम्हाला गाठण्याआधी ओळ बदला.

मेगामॅनसारख्याच लढवय्या पात्राला नेव्ही म्हणतात. बॉस नेव्हीसमोर मात्र एक गोष्ट विसरलात तर फोल्डर कितीही चांगला असो, फुकट जाईल. जोरदार फटका बसला की नेव्ही काही क्षण चमकतो, आणि चमकत असताना त्याला काही लागत नाही. सोर्डमागे सोर्ड दणादण मारलीत तर पहिली लागते, पुढच्या दोन हवेत जातात. चमक थांबेपर्यंत थांबा, तेवढ्यात जागा घ्या, मग पुढची. लाइफसोर्डची खरी किंमत इथे कळते: ८० चे तीन फटके देताना मध्ये दोनदा थांबावं लागतं, ४०० चा एक घाव मात्र एकदाच, पूर्ण बसतो.

घटकांचं चक्रही बॉससमोरच उपयोगी पडतं. आग लाकडावर भारी, लाकूड विजेवर, वीज पाण्यावर, पाणी आगीवर, आणि जमलं तर मार दुप्पट. पहिलाच बॉस फ्लॅशमॅन विजेचा आहे, म्हणून त्याच्यासाठी लाकडाच्या दोन चिप्स घाला. आणि तो मैदानात बल्ब ठेवतो तेव्हा आधी बल्ब फोडा, कारण तो पेटला की तुम्ही जागीच खिळता.

पाचवी पायरी: नेव्ही कस्टमायझर

मेगामॅनची क्षमता वाढवणारे भाग बसवायची ही चौकट. ती मिळाली की आधी कस्टम वाढवणारा, म्हणजे स्क्रीनवर जास्त चिप्स दाखवणारा, भाग बसवा. ठिपक्यांशिवायचा भाग चौकटीतल्या मधल्या कमांड लाइनवर, ठिपक्यांचा तिच्या बाहेर, एकाच रंगाचे दोन भाग एकमेकांना लागू देऊ नका, नाहीतर बग येतो. पाचाऐवजी सहा चिप्स दिसू लागल्या की रेग्युलरशिवायसुद्धा लाइफसोर्डची शक्यता ११ वरून १८ टक्क्यांवर जाते. ताकद वाढवणाऱ्या भागांची घाई करू नका. आधी जास्त चिप्स दिसू द्या.

सहावी पायरी: फोल्डर तपासा

नेहमीच्या जागी दहा लढाया करा आणि प्रत्येक वेळी पहिल्या स्क्रीनवर किती चिप्स एकत्र उचलता आल्या ते कागदावर लिहा. दहा लढायांत वीसपेक्षा कमी भरल्या तर फोल्डर अजून विखुरलेला आहे. मग कुठली चिप लढाई संपेपर्यंत स्क्रीनवर नुसती बसून राहिली ते आठवा. तीच काढा, तिच्या जागी मुख्य अक्षराची एक घाला, आणि पुन्हा दहा लढाया.