कॅम्पसवरचे प्लास्टिकचे पार्सल डबे बदलायचेत? मग आधी खतवाल्याला फोन करा

बऱ्याच विद्यापीठांत होतं असं की कुणीतरी मीटिंगमध्ये विषय काढतं, सगळे माना डोलावतात, मग सप्लायरचे कॅटलॉग येतात, कंपोस्टेबल म्हणजे कुजून खत होणारे डबे येतात, उद्घाटनाचे फोटो निघतात आणि तो डबा शेवटी त्याच कचऱ्याच्या गाडीत बसून त्याच डम्पिंग ग्राउंडवर जातो जिथे आधी प्लास्टिकचा जायचा. म्हणून हे काम शेवटाकडून सुरू करायचं. डबा कुठला घ्यायचा ते नंतर बघू, खाऊन झाल्यावर तो जाणार कुठे हे आधी नक्की करा.

तर पहिलं काम म्हणजे तुमचा ओला कचरा जिथे जातो त्या खत प्रकल्पाला फोन. आणि नुसतं 'कंपोस्टेबल डबे घेता का' असं विचारू नका, त्याला 'हो हो पाठवा' असंच उत्तर येतं. नीट खोदून विचारा: ढीग किती दिवस ठेवता, आतलं तापमान कितीपर्यंत जातं, माल आत घ्यायच्या आधी पॅकेजिंग वेचून बाजूला काढता का, आणि तयार खत सेंद्रिय शेतीवाल्यांना विकता का, कारण तसं विकणारे काही प्रकल्प असला माल घ्यायलाच तयार नसतात. बहुतेक प्रकल्पांची सगळी गणितं अन्नाच्या कचऱ्यावर बसवलेली असतात, त्यांना काही आठवड्यांत खत बाहेर काढायचं असतं, तेवढ्यात जाड डबा अर्धाच कुजलेला असतो आणि तो चाळणीत अडकून पुन्हा कचऱ्यातच. कचरा बायोगॅस प्लांटला जात असेल तर आणखी जपून, त्यांना ओलं अन्न हवं असतं, डबे ते बहुधा आधीच बाहेर काढतात. उत्तर 'नाही घेत' असं आलं तर सरळ थांबा, एक डबाही विकत घेऊ नका, आधी दुसरा प्रकल्प शोधा किंवा कॅम्पसवर स्वतःचा उभा करायचा का ते ठरवा.

हे जमलं की एक दिवस कचरा मोजा. कॅन्टीन, मेस, हॉस्टेल, लायब्ररीबाहेरचे कचऱ्याचे डबे, सगळ्याचा एका दिवसाचा कचरा ताडपत्रीवर ओता, हातमोजे घाला, आणि वेगळं करा: मोठे डबे, छोट्या चटणी-सॉसच्या वाट्या, झाकणं, ग्लास, चमचे. घाण काम आहे, पण यातून एक गोष्ट हमखास कळते की यातले बरेच डबे पार्सलचे नसतातच, लोक टेबलावर बसून खातात आणि तरी डब्यात खातात कारण काउंटरवर तसंच मिळतं. त्यांना स्टीलची ताटं द्या, विषय संपला. कंपोस्टेबल डबासुद्धा एकदाच वापरून फेकायचा असतो, त्यामुळे जो डबा लागलाच नाही तो सगळ्यात चांगला. राहिलेल्यातही डिपॉझिट घेऊन परत करायचे टिकाऊ डबे कॅम्पसवर चांगले चालतात, कारण माणसं तीच, जागा तीच, आणि आयडी कार्ड प्रत्येकाकडे असतंच.

आता खरेदी. डब्यावर 'इको', 'ग्रीन', 'बायोडिग्रेडेबल' असं काहीही छापलेलं असलं तरी ते बाजूला ठेवा आणि सर्टिफिकेट मागा. युरोपचं मानक ईएन १३४३२ किंवा अमेरिकेचं एएसटीएम डी६४००, आणि कागदी डब्याला आतून थर दिलेला असेल तर एएसटीएम डी६८६८. ईएन १३४३२ मध्ये अट अशी की १२ आठवड्यांत वस्तूचे इतके तुकडे झाले पाहिजेत की २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त काही राहू नये, आणि ६ महिन्यांच्या आत ९० टक्के तरी खरंच विघटन झालं पाहिजे. पण ही विघटनाची चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअसला, मोठ्या प्रकल्पासारख्या परिस्थितीत होते. पीएलए म्हणजे स्टार्चपासून बनवलेलं ते काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक बागेतल्या थंड खड्ड्यात टाकलं तर महिनोन्‌महिने जसंच्या तसं सापडतं. साध्या खड्ड्यासाठी 'होम कंपोस्ट'चं सर्टिफिकेट वेगळं असतं, ते बघा. आणि सर्टिफिकेट तुम्ही घेताय त्याच डब्याचं असलं पाहिजे, काही सप्लायर डबा ज्यापासून बनतो त्या कच्च्या दाण्यांचं सर्टिफिकेट दाखवतात आणि डबा भलत्याच जाडीचा असतो. ऑक्सो-डिग्रेडेबल असं काही दिसलं तर हात लावू नका, ते प्लास्टिकच असतं, फक्त लवकर चुरा होतं, युरोपियन युनियनने २०२१ पासून ते बाजारात आणायला बंदी घातलीय.

दुसरा कागद मागायचा तो पीएफएएस नसल्याचा, आणि हा लोक विसरतातच. उसाच्या चिपाडाचे किंवा दुसऱ्या कुठल्या लगद्याचे दाबून केलेले डबे तेल शोषतात, ते थांबवायला त्यात ही फ्लोरिनवाली रसायनं घालायची पद्धत होती. ती कुजत नाहीत, खतात उतरतात, तिथून मातीत आणि पिकात. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने (एफडीए) फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की तिथे खाद्यपदार्थांच्या कागदाला तेलरोधक म्हणून असा माल आता विकला जात नाही, पण तुमचा सप्लायर माल कुठून आणतो ते तुम्हालाच बघावं लागणार. लॅबचा रिपोर्ट मागा, एकूण फ्लोरिन १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) खाली हवं. घरगुती अंदाज घ्यायचा तर डब्यात खाद्यतेलाचा एक थेंब टाका, तो पसरायच्या ऐवजी मोत्यासारखा टम्म उभा राहिला तर संशय घ्यायला जागा आहे, पण हा फक्त अंदाज, रिपोर्टच्या जागी चालणार नाही.

मग सॅम्पल तपासा, आणि ते ऑफिसात बसून नको, कॅन्टीनच्या किचनमध्ये, तिथल्या स्वयंपाक्यांसमोर. तुमच्या मेनूतला सगळ्यात गरम, सगळ्यात पातळ आणि सगळ्यात तेलकट पदार्थ घ्या, डबा भरा, झाकण लावा, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि पाऊण तास विसरून जा. मग उचला. कागदावर ओलं वर्तुळ उमटलंय का, तळ हाताला मऊ लागतोय का, झाकण वाफेने वर आलंय का, दोन बोटांनी कडेला धरून उचलल्यावर डबा मधे वाकतोय का, हे सगळं बघायचं. साधं पीएलए ५५-६० अंशांनाच मऊ पडतं, म्हणजे गरम जेवणाला ते नकोच, थंड सॅलड किंवा ज्यूसला ठीक. लगद्याचे डबे उष्णतेला दणकट असतात पण पातळ पदार्थ फार वेळ ठेवला की ओलसर होतात. एकच डबा सगळ्याला चालेल असा शोधत बसू नका, दोन-तीन प्रकार लागतील. पण त्याच्या वर जाऊ नका, नाहीतर गर्दीच्या वेळी काउंटरवरचा माणूस जो हाताला लागेल तो उचलतो. आणि पारदर्शक पीएलए शक्यतो टाळाच, ते पाण्याच्या बाटल्यांच्या नेहमीच्या पेट प्लास्टिकसारखंच दिसतं, कुणालाच ओळखू येत नाही, मग ते रिसायकलिंगच्या मालात जाऊन तोही खराब करतं.

कॅन्टीनच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये हे सगळं लिहून घ्या, तोंडी बोलण्यावर ठेवलं तर पुढच्या टेंडरला जुनं प्लास्टिक गुपचूप परत येतं. कुठलं सर्टिफिकेट, कुठले प्रकार, डबे महाग पडले तर फरक कोण भरणार, हे स्पष्ट हवं. माझं मत विचाराल तर डब्याचे पैसे बिलात वेगळे दाखवा, स्वतःचा डबा आणणाऱ्याला ते लागणार नाहीत, लोक आपोआप डबा आणायला लागतात. शक्य असेल तर विद्यापीठाने डबे एकत्र खरेदी करून सगळ्या स्टॉलना द्यावेत, छोट्या स्टॉलवाल्याला एकट्याला चांगला भाव मिळत नाही. साठवायची खोली कोरडी हवी, लगद्याचे डबे जमिनीला टेकवून ठेवले की दमट होऊन बुरशी धरतात आणि पीएलएचे गरम गोडाऊनमध्ये वाकडे होतात.

बारीक गोष्टींनी मोठा घोळ होतो. झाकणावर चिकटवलेलं बिलाचं स्टिकर, रबरबँड, स्टेपलची पिन, सेलोटेप, सॉसची प्लास्टिक पुडी, यातलं काहीही डब्यासोबत गेलं की खतात तेच उरतं. बिल स्टिकरवर न छापता हातात द्या, डब्याला झाकणाची खाचच पुरेशी असते.

कचऱ्याचे डबे फक्त तीन, आणि तिन्ही नेहमी शेजारी शेजारी, एकटा कुठेच नको, एकटा दिसला की लोक त्यातच सगळं कोंबतात. वर लांबलचक सूचना नको, तुमच्याच कॅन्टीनच्या खऱ्या डब्याचा आणि चमच्याचा फोटो लावा. सफाई कर्मचाऱ्यांना सुरुवातीपासून बोलवा, कुठल्या इमारतीत कोण काय कुठे टाकतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांचं वेगळं करायचं काम वाढणार असेल तर त्याचा पगारही वाढला पाहिजे, हे बजेटमध्ये आधीच धरा.

स्वतःचा खत प्रकल्प करणार असाल तर डबे सुक्या पानांच्या जागी मोजायचे, त्यात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन नावालाच. अन्न, डबे आणि पानं मिळून कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २५ ते ३० ला १ च्या आसपास ठेवा. डबे फाडून किंवा श्रेडरमधून काढून टाका, एकात एक बसलेले डबे आख्खे टाकले तर मधे हवा-पाणी जात नाही आणि ती चवड तशीच निघते. ओल पिळलेल्या फडक्याइतकी, आतलं तापमान ५५ ते ६५ अंश, लांब दांड्याचा थर्मामीटर घ्याच. तापमान उतरलं की ढीग उलटा.

सुरुवात एकाच कॅन्टीनमध्ये, एक सेमिस्टर. त्यातले थोडे डबे जाळीच्या पिशवीत घालून प्रकल्पाच्या ढिगात ठेवायला सांगा आणि खत निघेल तेव्हा पिशवी उघडून बघा, काही उरलं नसेल तर दुसऱ्या कॅन्टीनची ऑर्डर द्या. गोडाऊनमधला जुना प्लास्टिकचा स्टॉक आधी वापरून संपवा, न वापरता फेकलात तर कचराच वाढेल. सुट्ट्यांच्या आधी नवी ऑर्डर देऊ नका, आणि बाहेरून मागवलेल्या जेवणाचे प्लास्टिकचे डबे येतच राहणार, त्यांच्यासाठी, तिघांच्या नियमाला अपवाद म्हणून, हॉस्टेलच्या गेटजवळ सुक्या कचऱ्याचा एक वेगळा मोठा डबा ठेवा म्हणजे ते ओल्यात मिसळत नाहीत.