ट्रायब्युनलने नाही म्हटलं, आता कोर्टात काय मांडायचं?

ऑस्ट्रेलियात लॉ करून रेफ्युजी केसेसमध्ये शिरणाऱ्यांसाठी लिहितेय. प्रोटेक्शन व्हिसा म्हणजे काय वगैरे तुम्हाला माहीत असणारच.

माझी पहिली रिव्ह्यूची फाइल, म्हणजे ट्रायब्युनलच्या निकालाला कोर्टात आव्हान. ट्रायब्युनलचा निकाल वाचून डोकं फिरलं आणि त्याच रात्री ११ ग्राउंड्स, म्हणजे आव्हानाचे मुद्दे, लिहून काढले. सीनियरने दहांवर काट मारली, म्हणाले, "यात कायद्याची चूक कुठंय?" दहाही ठिकाणी मी एकच रडगाणं गायलं होतं, की क्लायंट खरं बोलतोय तरी मेंबरने (ट्रायब्युनलमध्ये निकाल देणाऱ्याने) विश्वास ठेवला नाही. अहो, पण कोर्ट गोष्ट खरी की खोटी ते ठरवतच नाही, व्हिसाही देत नाही. ज्युरिस्डिक्शनल एरर, म्हणजे ट्रायब्युनलने कायद्याने दिलेल्या अधिकाराची मर्यादा ओलांडणारी चूक, दिसली तर निकाल रद्द करून केस परत ट्रायब्युनलकडे, बस. 'विश्वास ठेवला नाही' ही झाली तक्रार. 'ज्यावर अविश्वास दाखवला तो मुद्दा वादात आहे हे कळूच दिलं नाही' हे झालं ग्राउंड. हायकोर्टाचं (इथलं सर्वोच्च कोर्ट) २००६ चं एसझेडबीईएल हे प्रकरण वाचा, त्या इराणी खलाशाच्या कहाणीतल्या ज्या भागांवर आधी व्हिसा नाकारणाऱ्या इमिग्रेशन खात्याने शंकाच घेतली नव्हती तेच ट्रायब्युनलने त्याला न सांगता अविश्वसनीय ठरवले होते. आणि चूक सापडली म्हणून नाचू नका, ती नसती तर निकाल वेगळा लागू शकला असता हेही दाखवावं लागतं, २०२४ चं एलपीडीटी बघा.

अकरावं ग्राउंड टिकलं ते सुनावणीच्या ऑडिओमुळे. क्लायंट भावाच्या अटकेबद्दल सांगतोय, मेंबर म्हणतात त्याकडे नंतर येऊ, आणि ते 'नंतर' काही आलंच नाही, निकालातही त्यावर एक ओळ नाही. ऑडिओ पूर्ण ऐका, कंटाळा आला तरी. जुन्या केसचे ग्राउंड्स कॉपी-पेस्ट करणाऱ्यांचा मला राग येतो, आणि निकाल न वाचताच "होऊन जाईल" म्हणणाऱ्या सीनियरपासून तर लांबच राहा.

मुदत ३५ दिवस, निकालाच्या तारखेपासून, तुम्ही ईमेल उघडल्यापासून नव्हे! वाढवून मागता येते, पण लेखी कारणं द्यावी लागतात आणि मिळेलच असं नाही.

घाबरू नका, पहिल्या फाइलला सगळेच गडबडतात. आमची केस परत गेली तेव्हा मी फोनवर ओरडलेच, "जिंकलो!" क्लायंटने शांतपणे विचारलं, "मग व्हिसा कधी?" पुन्हा सुनावणी होणार हे मी त्याला आधी सांगितलंच नव्हतं.