वळवाच्या आधी रानात एक खड्डा खणा

खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) तुटून गेलाय, पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, रानात पडून आहे आणि उसाच्या आडसाल (पावसाळ्यातल्या) लावणीला अजून दोन-अडीच महिने अवकाश आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडे भाताच्या धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीतल्या) पेरणीची नांगरट सुरू व्हायची आहे. वर्षभरात माती नीट बघायला मिळते ती याच दिवसांत. वळवाचा एखादा दणकट पाऊस झाला की काळ्या रानाच्या भेगा मिटतात, वर फुललेलं मीठ खाली धुपतं आणि खड्ड्याच्या भिंती चिखलाने सारवल्यासारख्या होतात. म्हणून हे काम आत्ताच, रोहिणी लागायच्या आत उरका.

माती परीक्षणाचा कागद आता बऱ्याच घरांत आहे. 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या, त्यात सामू (माती आम्ल की विम्ल हे सांगणारा आकडा, pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं असे बारा घटक असतात. कागद चांगलाच आहे. पण त्या कागदावर तुमचं रान डोंगराच्या पोटाला आहे की नदीच्या मळीत, तिथं पाऊस किती पडतो, मुरूम किती खाली लागतो, यातलं काही नसतं. आणि ते ठाऊक नसेल तर आकड्याचा अर्थ लागत नाही.

एक उदाहरण सांगतो. सेंद्रिय कर्ब 0.9 टक्के आला तर पत्रिकेत ‘जास्त’ असं लिहून येतं. पूर्वेकडे शिरोळच्या चांगल्या निचऱ्याच्या काळ्या रानात तो आकडा म्हणजे वर्षानुवर्षं पाचट आणि शेणखत घातल्याची पावती. पश्चिमेला घाटमाथ्यावर, गगनबावड्याच्या तांबड्या उतारावर मात्र तेवढा कर्ब गार, ओल्या हवेमुळे आणि जंगलाच्या शेजारामुळे सहज असतो. तिथली माती आम्लधर्मी, त्यामुळे त्या कर्बातलं नत्र सावकाश सुटतं आणि सुटलेलं पावसाबरोबर वाहून जातं. ‘कर्ब जास्त आहे’ म्हणून तिथं युरियाला कात्री लावली तर भात पिवळं पडतं.

एकच दगड, तीन माती

आपल्या जिल्ह्याचा दक्षिणेकडचा काही भाग सोडला तर खाली सगळीकडे तोच काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट आहे. गगनबावड्यापासून शिरोळपर्यंतचं अंतर शंभरेक किलोमीटर. पण गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलीमीटरच्या आसपास, एखाद्या साली त्याहून कितीतरी जास्त पाऊस पडतो, आणि शिरोळात 500 ते 600 मिलीमीटरवर भागवावं लागतं. दगड एक, पण त्याच्यावरून गेलेलं पाणी दहापट कमीजास्त. मातीचा सगळा फरक इथून सुरू होतो.

घाटमाथ्यावर त्या पाण्याने कातळातला चुना, मॅग्नेशियम, पालाश आणि बरीचशी वाळूची मूळ द्रव्यंसुद्धा धुवून नेली. मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. तोच आपला जांभा आणि त्याच्यावरची तांबडी माती. राधानगरी, शाहूवाडीच्या सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळांवर, बॉक्साइट सापडतं ते याच कारणाने. या मातीचा सामू साधारण 5 ते 6 च्या घरात असतो, अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद थोडी आणि स्फुरद घातलं की लोखंडाला चिकटून बसतं.

पूर्वेला पाणी कमी, म्हणून धुलाईही कमी. चुना आणि मॅग्नेशियम जमिनीतच राहिले, त्यातून फुगणारी-आकसणारी चिकणमाती तयार झाली. तीच आपली काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, खाली चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. सामू 7.5 ते 8.5. मधल्या पट्ट्यात, म्हणजे करवीर, पन्हाळा, कागल, भुदरगडच्या बऱ्याच गावांत दोन्हींची सरमिसळ. तिथं एकाच गटात वर बरड, मध्ये तांबूस आणि ओढ्याला काळवट असं असतं.

या मधल्या पट्ट्यातच सगळ्यात जास्त चुका होतात. आमच्या घरच्या एका एकरात वरचे बारा-तेरा गुंठे मुरमाड आणि खालचं काळवट. मी सगळ्या रानातून फिरून एकच नमुना केला. अहवालात सगळं ‘मध्यम’ आलं, आणि मी सगळीकडे एकच मात्रा दिली. वरचा ऊस पाण्यावाचून वाळत राहिला, खालचा नत्र जास्त होऊन लोळला. तो अहवाल धड वरच्या रानाचा नव्हता, धड खालच्याही. शेजारच्या आप्पांनी बांधावरून एवढंच विचारलं, “दोन रानांची माती एका पिशवीत भरलीस व्हय?” तेव्हापासून नमुना घ्यायच्या आधी मी बांधावर उभा राहून रान बघतो.

आधी रान बघा, मग माती उचला

वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत चालत जा. उतार कुठं मोडतो, पावसाचं पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं, नांगरताना ट्रॅक्टर कुठं दमतो, कुठल्या पट्ट्यात ऊस दरसाल खुजा राहतो, हे कागदावर काढा. नकाशा सुबक नसला तरी चालेल. गावनकाशावर गट शोधा, इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर वरून कसं दिसतं ते बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या तुकड्याचं जुनं नाव विचारा. ‘खारीचं’, ‘पाणथळ’, ‘मळी’, ‘माळ’ ही नावं उगाच पडलेली नाहीत. पन्नास वर्षांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष त्यात असतो.

मग प्रत्येक वेगळ्या तुकड्याचा नमुना वेगळा. तुकड्यात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या. भात-सोयाबीनला 15 ते 20 सेंटिमीटर, उसाला 22 ते 25 सेंटिमीटर खोल. कडेची माती एकसारखी खरवडून प्लॅस्टिकच्या बादलीत गोळा करा. लोखंडी घमेलं नको, सूक्ष्म अन्नद्रव्यांचे आकडे चुकतात. ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो ठेवा आणि सावलीत वाळवा. उकिरड्याची जागा, झाडाखाली, पाटाच्या कडेला, विहिरीजवळ नमुना घेऊ नका. खत टाकून दोन-तीन महिने झालेले असावेत.

2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांच्या रानावर गाळ बसला त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. गाळाचा थर जाड असेल आणि नांगरटीत अजून मिसळला नसेल, तर वरच्या नमुन्यात तुम्ही नदीने आणलेली माती तपासत असता. गाळ आणि त्याखालची मूळ माती असे दोन नमुने द्या.

खड्डा

प्रत्येक प्रकारच्या तुकड्यात एक खड्डा हवा. मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि मीटर-सव्वा मीटर खोल, किंवा मुरूम लागेपर्यंत. जेसीबीने काढला तर बकेटने घासलेली भिंत चाकूने टोकरून मोकळी करा, नाहीतर काहीच दिसत नाही. दिवसाउजेडी, ऊन भिंतीवर पडेल अशा वेळी उतरा. रात्री जनावर पडू नये म्हणून वर फळ्या टाका.

आता वरून खाली बघत या. मुळं कुठपर्यंत गेलीत? उसाच्या रानात बऱ्याचदा 25-30 सेंटिमीटरवर ती आडवी वळलेली दिसतात. ओल्या रानात भरलेल्या ट्रॉल्या घातल्या की तिथं घट्ट थर बसतो, आणि हा थर कुठल्याच पत्रिकेत येत नाही. त्याखाली तिरक्या, तुकतुकीत, एकमेकींवर घासल्यासारख्या पाट्या दिसल्या तर ती अस्सल फुगणारी काळी. पांढरे खडे कुठून सुरू होतात त्याची खोली लिहा. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर जोरात फसफसलं तर मोकळा चुना भरपूर आहे, अशा रानात उसावर केवडा (लोहाअभावी पानं पिवळी-पांढरी पडणं) येण्याची शक्यता धरून चाला. राखाडी मातीत गंजाच्या रंगाचे ठिपके ज्या खोलीवर सुरू होतात, तिथवर दर पावसाळ्यात पाणी येऊन थांबतं. मला विचाराल तर अख्ख्या खड्ड्यातली सर्वांत मोलाची खूण तीच.

मुरूम किती खोलीवर लागला यावरून पाण्याच्या पाळीचा हिशेब निघतो. मीटरभर खोल काळी माती पिकाला मिळेल असं साधारण 150 ते 200 मिलीमीटर पाणी धरते. 30 सेंटिमीटर मुरमाड माती धरते जेमतेम 30 ते 40. उन्हाळ्यात पीक दिवसाला 6 मिलीमीटर पाणी खातं असं धरा, आणि अर्धं संपलं की पुढची पाळी द्या. काळ्या रानाला बारा ते पंधरा दिवस, मुरमाडाला तीनच दिवस. दोन्हीला आठ दिवसांची एकच पाळी दिली की एक सडतं आणि दुसरं वाळतं.

प्रयोगशाळेत काय मागायचं

नेहमीच्या घटकांशिवाय काळ्या रानासाठी मुक्त चुनखडी आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेल्या) सोडियमचं टक्केवारी प्रमाण मागा. पहिल्यांदाच तपासत असाल तर वाळू-पोयटा-चिकणमातीचं प्रमाणही काढून घ्या. ते आयुष्यात एकदा केलं की पुरे, दरसाल बदलत नाही.

शिरोळ आणि हातकणंगल्यातल्या क्षारपड रानांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथं एका आकड्याने लोकांची फसगत होते. खारवट जमिनीची मर्यादा म्हणून 4 डेसीसायमन प्रति मीटर (क्षारता मोजायचं एकक) हा आकडा सगळीकडे छापलेला असतो. तो मातीच्या संपृक्त, म्हणजे पाण्याने पुरत्या भिजवलेल्या, लगद्यातून काढलेल्या पाण्याचा आहे. आपल्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असं मिश्रण करून क्षारता मोजतात. पाणी जास्त म्हणजे मीठ पातळ, म्हणून आकडा बराच कमी येतो. कागदावर 1.5 दिसलं म्हणजे 4 च्या खूप आत आहोत असं समजू नका. ऊस क्षाराला बऱ्यापैकी नाजूक आहे, संपृक्त लगद्यात 2 च्या आसपासच उतारा घटायला लागतो. मोजणी कोणत्या पद्धतीने केली हे विचारा आणि अहवालावर लिहून घ्या.

अशा रानातला नमुना थरवार हवा: 0 ते 15, 15 ते 30, 30 ते 60, 60 ते 90 सेंटिमीटर. वरची मिठाची पापडी वेगळी. मीठ वरच्या थरात जास्त आणि खाली कमी असेल तर ते भूजलातून वर चढतंय. अशा वेळी खड्ड्यात पाणी किती खोलीवर लागलं तेही नोंदवा. उन्हाळ्यात दीड मीटरच्या आत लागत असेल तर आधी निचरा, मग बाकी सगळं.

खारवट आणि चोपण यात गल्लत नको. क्षारता जास्त, विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांच्या आत आणि सामू 8.5 च्या खाली असेल तर रान खारवट. त्याला जिप्समची गरज नाही, निचरा करून गोड्या पाण्याने मीठ धुवायचं. सोडियम 15 टक्क्यांच्या वर आणि सामू 8.5 च्या वर असेल तर चोपण. पाणी मुरत नाही, वाळलं की दगडासारखं होतं. त्याला जिप्सम लागतं, किती ते प्रयोगशाळेतल्या जिप्समच्या गरजेवरून ठरवायचं, अंदाजाने नाही. मे महिन्यात पसरून वरच्या थरात मिसळा, म्हणजे सुटलेला सोडियम पावसाने खाली नेता येईल. मुक्त चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालतं, कारण त्यापासून होणारं आम्ल मातीतल्याच चुन्याला मोकळं करतं. मात्र निचऱ्याची सोय नसेल तर जिप्समवर केलेला खर्च वाया जातो. निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइपची योजना करायची तर बाहेर पडणाऱ्या पाण्याला नाला हवा आणि नाल्यापर्यंतच्या सगळ्या शेजाऱ्यांची संमती हवी. ही बैठक पावसाआधीच घ्या.

पश्चिमेकडच्या तांबड्या रानाला वेगळी काळजी. चुना द्यायचा तर सामू बघूनच. स्फुरद फेकून न देता ओळीत, मुळाजवळ द्या. नत्र आणि पालाश दोन-तीन हप्त्यांत, एकदम टाकलेलं आषाढातल्या पावसात नदीला मिळतं. बांधावर गिरीपुष्प लावलं असेल तर त्याचा कोवळा पाला चिखलणीत दाबा. उताराचे बांध आत्ताच दुरुस्त करा.

पावसाचे आकडे मागायला कुणाकडे जावं लागत नाही. कृषी विभागाच्या संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस असतो. मागच्या पाच-सहा वर्षांचा तुमच्या मंडळाचा पाऊस महिनावार उतरवून घ्या, तालुक्याची सरासरी नको. पन्हाळ्याच्या पश्चिम आणि पूर्व बाजूच्या पावसात किती फरक असतो हे तिथल्या माणसाला सांगायला नको.

हे सगळं एका वहीच्या दोन पानांत मावतं. डाव्या पानावर रानाचा कच्चा नकाशा आणि खड्ड्याचं चित्र थरांच्या खोलीसकट, उजव्या पानावर प्रयोगशाळेचे आकडे आणि पाऊस. खड्ड्याची जागा मोबाईलवर नोंदवून ठेवा. बुजवताना खालची माती खाली आणि वरची वर जाईल असं बघा. तीन वर्षांनी पुन्हा नमुना घ्याल तेव्हा त्याच तुकड्यातून, याच महिन्यात घ्या.