ओएएसचा अर्ज भरताय आणि लँडिंगचा कागदच सापडत नाही? या चुका टाळा

कॅनडात ओल्ड एज सिक्युरिटीचा, म्हणजे ओएएस पेन्शनचा अर्ज भरायला बसलं की आपल्या आईबाबांच्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं एकाच ठिकाणी अडतं. तुम्ही इथे नक्की कधी आलात त्याचा पुरावा द्या. २००२ च्या आधी आलेल्यांना आयएमएम १००० नावाचा लांबडा कागद मिळायचा, रेकॉर्ड ऑफ लँडिंग, म्हणजे कायमचे रहिवासी म्हणून कॅनडात उतरल्याची नोंद, आणि तीनचार घरं बदलताना तो कुठे गेला ते कोणालाच आठवत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "कागद आला की मग अर्ज करू" असं म्हणून फॉर्म कपाटात ठेवून देणं. वयाच्या ६५ नंतर उशिरा अर्ज केलात तर मागचे पैसे जास्तीत जास्त ११ महिन्यांचेच मिळतात, त्याच्या आधीचे गेले ते गेलेच. त्यामुळे फॉर्म आत्ताच टाका, सोबत चिठ्ठी जोडा की कागद हरवलाय, नवीन मागवलाय, आला की पाठवतो. ६५ व्हायच्या ११ महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेवढा वेळ हातात ठेवा प्लीज.

दुसरं, आयएमएम १००० ची डुप्लिकेट मागत बसू नका, ती देतच नाहीत. त्याऐवजी व्हेरिफिकेशन ऑफ स्टेटस, म्हणजे तुम्ही कधी आलात याचा सरकारी दाखला मिळतो, फॉर्म आयएमएम ५००९, फी ३० डॉलर.

आणि या फॉर्मवर आपली मराठी नावं फार गोंधळ करतात. माझ्या आईच्या लँडिंगच्या कागदावर बाबांचं नाव मधलं नाव म्हणून होतं, नंतरच्या लायसन्सवर ते नाहीच, आणि जुन्या पासपोर्टात माहेरचं आडनाव. आम्ही आत्ताचं नाव टाकून मोकळे झालो आणि मग पुन्हा पत्रव्यवहार करावा लागला. लँडिंगच्या वेळी जे नाव होतं तेच स्पेलिंगसकट लिहा, आत्ताचं वेगळं असेल तर तेही लिहा आणि लग्नाचं सर्टिफिकेट जोडा.

तारखा आठवणीतून लिहू नका. बाबा ठामपणे एप्रिल म्हणत होते, जुन्या भारतीय पासपोर्टवरचा शिक्का निघाला २७ मार्चचा. म्हणून सिटिझनशिप घेतल्यावर कॅन्सल होऊन परत आलेला पासपोर्ट कधीच टाकू नका, कोपरा कापलेला असला तरी आतले शिक्के कामाचेच असतात. गावाला जाऊन सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्या ट्रिपा ओएएसच्या फॉर्ममध्ये विचारतात, त्याही त्यातूनच सापडतात. हे सगळं इतकं महत्त्वाचं का, तर १८ वर्षांनंतरची किमान १० वर्षं इथे काढलेली लागतात आणि पूर्ण पेन्शनला ४०, दरवर्षाला एक चाळीसांश हिस्सा, म्हणजे एका वर्षाची चूक झाली तरी ती जन्मभर दर महिन्याला कापली जाते.

मूळ कागद पोस्टाने पाठवू नका. सर्व्हिस कॅनडाच्या, म्हणजे ओएएसचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याच्या ऑफिसात नेले तर कॉपी काढून फुकट सर्टिफाय करून देतात.