प्राइम लेन्स घेण्याआधी झूमला चिकटपट्टी लावा

प्राइम म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लांबीची लेन्स. ती 35 एमएम घ्यावी की 50, हा प्रश्न पैसे मोजण्याआधी घरीच सुटतो. कॅमेऱ्याबरोबर आलेली 18-55 एमएम झूम, म्हणजे किट लेन्स, पुरते.

१. झूम रिंग 35 वर आणा आणि कागदी मास्किंग टेपचा तुकडा लावून ती पक्की करा. सेलोटेप नको, त्याचा गोंद रबरावर राहतो.

२. अख्खा रविवार तसेच फोटो काढा. घरातली मंडळी, बाजार, जेवणाचं ताट, सगळं.

३. पुढच्या रविवारी 50 वर. रिंगवर 50 ची खूण बहुधा नसते. एक फोटो काढून त्याच्या माहितीत आकडा बघा आणि रिंग जुळवा.

अशा कॅमेऱ्यांतल्या एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरवर 50 ची चौकट बरीच आवळते. छोट्या खोलीत चारजणांचा फोटो घ्यायचा तर पाठ भिंतीला टेकते. चेहऱ्यांसाठी मात्र तीच सुरेख. घरात जास्त फोटो काढत असाल तर माझं मत 35 ला.

एक काळजी घ्या. निकॉन डी3500, डी5600 या कॅमेऱ्यांत फोकस मोटर नाही. स्वस्तात मिळणारी जुनी 50 एमएम एफ/1.8डी त्यांवर ऑटोफोकस करत नाही. नावात एएफ-एस (म्हणजे लेन्समध्येच मोटर) आहे ना, ते बघूनच घ्या.