जर्मन पूर्वज शोधताय? चर्चच्या जुन्या वह्या उघडण्याआधी वाचा, या चुका टाळा

लग्न होऊन श्टुटगार्टजवळ राहायला आले त्याला आता बरीच वर्षं झाली. नवऱ्याच्या आजीने एकदा जुनी ट्रंक उघडून तिच्या पणजोबांचा एक कागद माझ्या हातात दिला आणि तेव्हापासून सासरची वंशावळ शोधायचं जे वेड लागलंय ते अजून आहे. या काळात मी भरपूर चुका केल्यात आणि काही चुकांपायी महिनेच्या महिने गेलेत. आता इथे स्थायिक झालेली, जर्मन घरात लग्न झालेली बरीच मराठी मंडळी हेच विचारतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा की अख्ख्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली १ जानेवारी १८७६ ला. साम्राज्यातल्या सगळ्यात मोठ्या राज्यात, प्रशियात, ती थोडी आधी, ऑक्टोबर १८७४ पासून, आणि ऱ्हाईनच्या डाव्या काठावर फ्रेंचांचं राज्य होतं म्हणून १७९८ पासून. त्याच्या मागचं जवळपास सगळं चर्चच्या पाळकाने हाताने लिहिलेल्या वहीत, ज्याला इथे किर्शनबूख म्हणतात. बाप्तिस्मा, लग्न, दफन, आणि बऱ्याच ठिकाणी दृढीकरण, म्हणजे कन्फर्मेशन, मोठं झाल्यावर बाप्तिस्मा पक्का करायचा विधी.

पहिली चूक सगळेच करतात, मीही केली, ती म्हणजे नाव घेऊन शोधत सुटणं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलात तर तीर्थपुरोहित आधी काय विचारतात? आडनाव आणि मूळ गाव. गाव कळलं की बरोब्बर ती वही निघते आणि मागच्या पिढ्या वाचून दाखवतात, गाव माहीत नसेल तर तेही काही करू शकत नाहीत. इथे अगदी तसंच आहे, आणि १८७१ पर्यंत तर जर्मनी नावाचा एक देशच नव्हता, छोटी छोटी राज्यं होती आणि प्रत्येकाचं चर्च वेगळं, त्यामुळे सगळ्या जर्मनीची एक यादी हे प्रकरणच अस्तित्वात नाही. अमेरिकेच्या जनगणनेत जन्मस्थान 'प्रशिया' लिहिलेलं असतं ते बघून लोक खूश होतात, पण प्रशिया केवढं मोठं राज्य होतं, त्यावरून कुठली वही उघडणार? गाव हवं. कुटुंबातलं कोणी परदेशी गेलं असेल तर तिकडच्या चर्चमधली लग्नाची किंवा दफनाची नोंद बघा, जर्मन पाळक तिथेही बऱ्याचदा मूळ गाव लिहायचे. हॅम्बुर्ग बंदराच्या प्रवासी याद्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या आहेत आणि त्यात राहण्याचं ठिकाण असतं. ब्रेमेनच्या मात्र बहुतेक नष्ट झाल्यात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

आता गाव मिळालं तरी काम संपत नाही. आजीच्या कागदावर 'नॉयहाउझेन, व्युर्टेंबर्ग' एवढंच होतं, व्युर्टेंबर्ग म्हणजे श्टुटगार्टच्या भोवतालचं जुनं राज्य. आमच्या घरापासून गाडीने थोड्या अंतरावर फिल्डर्न पठारावर एक नॉयहाउझेन आहे, मग काय, मी ठरवूनच टाकलं की हेच ते. दोन महिने शोधलं आणि एक नोंद सापडेल तर शपथ. मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, जे आयुष्यभर हेच करत आलेत, मला एकच प्रश्न विचारला, घराणं कॅथलिक का प्रोटेस्टंट? प्रोटेस्टंट, मी म्हटलं. अगं मग ते गाव तर पहिल्यापासून कॅथलिक! दुसरं नॉयहाउझेन टुटलिंगेनच्या बाजूला आहे, नॉयहाउझेन ओब एक, ते प्रोटेस्टंट. पहिल्याच आठवड्यात तिथल्या वहीत नाव निघालं. १५५५ च्या कॅथलिक-प्रोटेस्टंट तहानंतर इथे राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म असा हिशेब होता, त्यामुळे शेजारशेजारची दोन गावं वेगळ्या पंथाची असणं इथे अगदी नेहमीचं आहे, आणि एकाच नावाची गावं समोर आली की पंथ हीच सगळ्यात चांगली चाळणी. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

शिवाय प्रत्येक गावात चर्च होतं असं नाही. वाडीचा देव मोठ्या गावात असावा तसं, चार-पाच छोटी गावं मिळून एक पॅरिश आणि नोंद मोठ्या गावाच्या वहीत. म्हणून आधी मायर्सचा १९१२ चा स्थलकोश, म्हणजे साम्राज्यातल्या गावांची सूची, बघा, ऑनलाइन फुकट आहे, नकाशासकट. गावात स्वतःचं पॅरिश चर्च होतं का तेही त्यात कळतं, आणि नसेल तर नकाशावर शेजारची चर्चवाली गावं कुठली ते बघता येतं.

आणि प्रोटेस्टंट म्हणजे एकच वही हेही समजू नका. लुथरन वेगळे आणि कॅल्विनच्या वळणाचे रिफॉर्म्ड वेगळे, एकाच गावात दोघांच्या दोन वह्या. प्रशियात १८१७ ला, पॅलेटिनेटमध्ये १८१८ ला आणि बाडेनमध्ये १८२१ ला ही दोन्ही चर्चेस एकत्र आली, त्याच्या आधीचं शोधताना दोन्हीकडे बघायचं. सैनिकाची नोंद कधीकधी गावात नसतेच, पलटणीच्या पाळकाची वही वेगळी असायची.

ऑनलाइन वह्यांबद्दल. प्रोटेस्टंट वह्यांसाठी मुख्य जागा म्हणजे आर्किऑन, २०१५ ला सुरू झालेलं पोर्टल, पैसे भरून पास घ्यावा लागतो. लोक पास घेतात, सर्चमध्ये आडनाव टाकतात, काही येत नाही आणि वैतागून बंद करतात. अहो, तिथे मुख्यतः पानांचे फोटो आहेत, सगळ्या वह्यांची नावांची यादी नाही! राज्याचं चर्च, मग जिल्हा, मग पॅरिश, मग वही, असं आत जायचं आणि पान पान चाळायचं. म्हणून पास घ्यायच्या आधी आपल्या पॅरिशच्या वह्या तिथे चढल्यात का आणि कुठल्या सालापासूनच्या आहेत एवढं तपासा, ते बघायला पैसे लागत नाहीत. फॅमिलीसर्च ही वंशावळीची साइट फुकट आहे आणि तिथे नावाने शोधता येतं, पण नावांच्या याद्या माणसांनी किंवा मशीनने वाचून केलेल्या असतात आणि जुनं अक्षर चुकीचं वाचलेलं असतं, कुठल्याही साइटवर. यादीत नाव नाही म्हणजे वहीत नाही असं कधीच धरू नका. आणि यादीत सापडलं तरी मूळ पान उघडाच, कारण यादीत येतं फक्त नाव आणि तारीख, आणि पानावर असतो बापाचा धंदा, बाप्तिस्म्याचे साक्षीदार, पाळकाने समासात मारलेला शेरा.

अक्षर! इथे सगळे हात टेकतात. ज्यांनी आजोबांचे मोडीतले कागद घरात बघितलेत त्यांना लगेच कळेल, भाषा आपली असूनही एक ओळ लागत नाही, तसंच शिकलेल्या जर्मन माणसाला सुद्धा हे वाचता येत नाही, माझ्या नवऱ्याला येत नाही. या लिपीचं नाव कुरेंट. बरेच जण तिला झ्युटरलिन म्हणतात पण ती शाळेत शिकवायची सोपी केलेली लिपी, प्रशियाच्या शाळांत १९१५ पासून आली, सतराव्या-अठराव्या शतकाच्या वह्यांत ती असणं शक्यच नाही, तेव्हा झ्युटरलिनचा तक्ता समोर ठेवून जुनी वही वाचायला बसू नका. कुरेंटमधला e हा आपल्याला n वाटतो, u च्या डोक्यावर एक छोटी आकडी असते, तीच n आणि u मधली खूण, h वर आणि खाली दोन्हीकडे लोंबतो, आणि m किंवा n वर आडवी रेघ असली तर ते अक्षर दोनदा वाचायचं. मोडीसारखंच, रोज अर्धा तास हाताने गिरवा. बघून येत नाही, लिहून येतं. मला तीन आठवड्यांत बाप्तिस्म्याची ओळ लागायला लागली कारण साचा ठरलेला असतो, आणि एकाच पाळकाची दहा-वीस पानं सलग वाचली की त्याचा हात ओळखीचा होतो. आपल्याला हव्या त्या एकाच नोंदीवर डोळे फोडत बसण्यापेक्षा त्याच पानावरची सोपी नावं आधी वाचा, त्यातून त्या माणसाची अक्षरं कळतात, मग आपली ओळ आपोआप उलगडते.

काही शब्द पाठच करा. लग्नाच्या नोंदीत मुलीच्या बापाच्या नावाआधी 'वायलांड' असेल तर ते आपलं 'कै.', म्हणजे लग्नाच्या दिवशी मुलीचा बाप हयात नव्हता, लगेच त्याची दफनाची नोंद त्या तारखेच्या मागे शोधायची. 'लेडिग' म्हणजे अविवाहित, 'एहेलिश' म्हणजे औरस, 'गेनांट' म्हणजे ऊर्फ. बाईच्या आडनावाला शेवटी 'इन' लागतं, म्युलरिन दिसली तर ती म्युलर घराण्यातली, म्युलरिन हे वेगळं आडनाव नाही.

नावांनी मला सगळ्यात जास्त फसवलं. एका घरात पाच मुलगे आणि पाचही योहान! योहान गेओर्ग, योहान याकोब, योहान मार्टिन, असं. हाक मारायचं नाव दुसरं असतं, म्हणून दफनाच्या नोंदीत नुसतं गेओर्ग किंवा त्याचं बोलीतलं यॉर्ग असू शकतं. मी एका योहान गेओर्गची बाप्तिस्म्याची नोंद मिळाल्यावर आनंदात त्याच्या मागे चार पिढ्या जोडल्या, चार महिने काम केलं, आणि मग दफनाची वही उघडली तर तो मुलगा दोन वर्षांचा असताना गेलेला. आमचा पूर्वज तो नव्हताच, गावात त्याच नावाचा, त्याच आडनावाचा दुसरा होता, दुसऱ्या घरातला. सगळी शाखा पुसावी लागली. म्हणून बाप्तिस्मा मिळाला की आधी दफनाची पुढची पंधरा वर्षं चाळायची हा नियम आता मी मोडत नाही. आणि गेलेल्या मुलाचंच नाव पुढच्या मुलाला ठेवायची पद्धत होती, तेव्हा एकाच आईबापांचे दोन योहान गेओर्ग दिसले तर ती चूक नसते. कोण कोणाचा हे ठरवायला साक्षीदार बघा, बाप्तिस्म्याला उभे राहिलेले गॉडपेरेंट्स एका घरात मुलागणिक तेच तेच असतात आणि मुलाला बऱ्याचदा त्यांचंच नाव मिळतं.

वेस्टफालियाकडे अजून वेगळं, तिथे आडनाव शेताला चिकटलेलं. मुलीच्या वाट्याला शेत आलं की लग्न करून येणारा जावई शेताचं नाव घ्यायचा, म्हणजे घरजावयाने सासरचं आडनाव लावल्यासारखं, त्यामुळे एकाच माणसाच्या बाप्तिस्म्यात एक आडनाव आणि दफनात दुसरं. उत्तरेला ओस्टफ्रिसलंडमध्ये तर कायमचं आडनावच नव्हतं, आपल्यासारखं बापाचं नाव पुढे लागायचं आणि पिढीगणिक बदलायचं. १८११ मध्ये नेपोलियनच्या राजवटीत कायमचं आडनाव घ्यायचा हुकूम निघाला तरी जुनी पद्धत लगेच गेली नाही. कन्नडचा मोठा शब्दकोश करणारे फर्डिनांड किटेल याच ओस्टफ्रिसलंडमधल्या रेस्टरहाफ गावचे, १८३२ चा जन्म. त्यांना पाठवणारं बाझल मिशन, म्हणजे स्वित्झर्लंडमधली मिशनरी संस्था, १८३४ पासून मंगळूर, धारवाड, हुबळी भागात होतं आणि त्यातले कितीतरी जण व्युर्टेंबर्गचे, तेव्हा हुबळी-धारवाडकडे कोणाच्या घरात अशा मिशनऱ्याचा धागा असेल तर माणसाची फाइल बाझलच्या मिशन अर्काइव्हमध्ये आणि त्याच्या आईबापांची नोंद गावच्या चर्चच्या वहीत, असं दोन ठिकाणी शोधायचं.

तारखा. जुन्या वह्यांत बऱ्याचदा फक्त बाप्तिस्म्याची तारीख असते, ती जन्मतारीख म्हणून लिहू नका, दोन-चार दिवसांचा फरक असतो. '७बर' लिहिलंय म्हणजे जुलै नाही, सप्टेंबर! आपल्या सप्त, अष्ट, नव, दश यांचेच भाऊ, म्हणून ८बर ऑक्टोबर, ९बर नोव्हेंबर, १०बर डिसेंबर. वाराच्या जागी ग्रहांच्या खुणा असतात, सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, तर हे आपलेच वार, मराठी माणसाला शिकावेच लागत नाहीत. आणि आपल्याकडे 'श्रावण शुद्ध पंचमी' म्हणतात तसं पाळक 'ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार' एवढंच लिहून मोकळा होतो. ट्रिनिटीचा रविवार ईस्टरनंतर आठ आठवड्यांनी, म्हणजे आधी त्या वर्षीचा ईस्टर काढायचा. इथे खरी गोम आहे. कॅथलिक भागांनी नवं, म्हणजे आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ नंतर लवकरच घेतलं, प्रोटेस्टंटांनी घेतलं १७०० ला, तेव्हा १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च आला. त्यानंतरही १७२४ आणि १७४४ मध्ये प्रोटेस्टंटांचा ईस्टर कॅथलिकांपेक्षा एक आठवडा आधी होता, त्या दोन वर्षांत नेटवरचा साधा ईस्टर कॅल्क्युलेटर प्रोटेस्टंट गावासाठी चुकीची तारीख देतो.

सगळं बरोबर करूनही नोंद मिळत नसेल तर हे बघा. लग्न बहुतेक नवरीच्या गावात, पहिलं मूल कधीकधी आईच्या माहेरी, म्हणजे शेजारच्या पॅरिशच्या वह्या. वहीच्या शेवटी यादी असली तर ती आडनावाने नसून पहिल्या नावाने लावलेली असू शकते. अनौरस मुलांच्या नोंदी काही पाळक उलट्या लिहायचे किंवा वेगळ्या पानावर, तेव्हा पान फिरवून बघा. वहीच नसेल तर तिची दुसरी प्रत आहे का विचारा, प्रशियात १७९४ च्या कायद्यानंतर आणि व्युर्टेंबर्गमध्ये १८०८ पासून नकला ठेवायचे. १६१८ ते १६४८ च्या तीस वर्षांच्या युद्धात असंख्य वह्या जळाल्या, त्याच्या मागे जाता आलं नाही तर ती तुमची चूक नाही.

व्युर्टेंबर्गवाल्यांनी मात्र एक गोष्ट चुकवू नका, ती म्हणजे १८०८ पासूनचं फामिलियनरेगिस्टर. एका पानावर अख्खं कुटुंब, आईबाप, सगळी मुलं, तारखा, आणि आईबापांच्या आईबापांच्या पानाचा नंबर. त्या नंबरावरून मागे जायचं आणि मग प्रत्येक तारीख मूळ वहीत ताडून बघायची, कारण हे पान नंतर नक्कल करून भरलेलं असतं आणि नक्कल करताना पाळकाचेही आकडे चुकलेत, मी बघितलेत. आमच्या नॉयहाउझेनच्या पानावर सात मुलं आहेत. चौघांपुढे लहानपणीच गेल्याचा क्रॉस, एकापुढे लग्नाची तारीख, एक मुलगी शेजारच्या गावात दिलेली, आणि सगळ्यात धाकट्यापुढे कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अमेरिकेला'. आजीला ते पान प्रिंट काढून दाखवलं तेव्हा ती त्या एका शब्दावर बोट ठेवून बराच वेळ बसली होती. तो तिकडे कुठल्या गावात उतरला ते आता शोधतेय, हॅम्बुर्गच्या यादीत तो नाहीये.