कौन्सिलची घरबांधणी कंपनी अडचणीत आली? निर्णय घेण्याआधी या चुका टाळा

इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकांच्या, मालकीच्या घरबांधणी कंपन्यांचे हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम. कंपनी डबघाईला आली की समितीपुढे तीन पर्याय येतात: विका, बंद करा किंवा चालू ठेवा. चुकाही दर वेळी त्याच. तुम्ही नगरसेवक असाल, लेखापरीक्षण समितीवर असाल किंवा अर्थविभागात नुकतेच आला असाल, तर मतासाठी हात वर करण्याआधी हे वाचा.

कागदावरचं व्याज उत्पन्न म्हणून धरणं

ही चूक पाहून पाहून मी थकलो आहे. कौन्सिल ‘पब्लिक वर्क्स लोन बोर्ड’ या नावाच्या सरकारी कर्जसुविधेतून स्वस्तात कर्ज काढते, कंपनीला चढ्या दराने देते आणि मधला फरक आपल्या अंदाजपत्रकात उत्पन्न म्हणून दाखवते. कंपनीकडे रोख नसते, म्हणून व्याज मुद्दलात मिळवलं जातं. कधी कधी तर व्याज भरायला कंपनी कौन्सिलकडूनच नवं कर्ज उचलते. या खिशातला पैसा त्या खिशात जातो आणि ताळेबंद सुदृढ दिसतो.

लंडनमधल्या क्रॉयडन कौन्सिलची घरबांधणी कंपनी ‘ब्रिक बाय ब्रिक’ २०१५ साली निघाली. ऑक्टोबर २०२० मध्ये ग्रँट थॉर्नटन या लेखापरीक्षकांचा जनहितार्थ अहवाल आला, तोवर कौन्सिलने तिला सुमारे २० कोटी पौंड कर्ज दिलं होतं आणि त्यावर ना लाभांश हाती आला होता ना व्याज. ११ नोव्हेंबरला कलम ११४ची नोटीस निघाली, म्हणजे अत्यावश्यक सोडून सगळा नवा खर्च बंद. ‘कंपनीच वाईट होती’ एवढं म्हणून लोक मोकळे होतात. कर्जाचे हप्ते मंजूर करणारे हात कौन्सिलचेच होते, हे मात्र विसरतात.

मी पर्यायांचा अहवाल उघडण्याआधी एक कागद घेतो. प्रत्येक कर्जासमोर मुद्दल, साचलेलं व्याज, तारण आणि बँकेत खरोखर जमा झालेली रक्कम. शेवटचा रकाना आधी भरतो. तो कोरा राहिला तर कंपनीच्या नफ्याच्या अंदाजावर चर्चा करू नका, कौन्सिलला किती कर्ज बुडीत धरावं लागेल ते आधी विचारा. आणि ‘कर्ज परत येणारच आहे’ या भरवशावर परतफेडीची वार्षिक तरतूद टाळली असेल, तर तो आकडाही त्याच कागदावर आला पाहिजे.

कंपनीला एकच वस्तू समजून भाव करणं

कंपनी म्हणजे वेगवेगळ्या साइट्स. एक पूर्ण होत आलेली, एक पायापर्यंत आलेली, एकीवर नुसतं कुंपण. सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही.

एका कौन्सिलमध्ये कंपनी विकायची जवळपास ठरली होती. तक्त्यात एका इमारतीसमोर ‘पूर्ण’ लिहिलेलं आणि फ्लॅटविक्रीचे पैसे त्याच तिमाहीत धरलेले. मी हट्टाने साइटवर गेलो. स्वयंपाकघरातल्या ओव्हनवर प्लास्टिक तसंच, लिफ्टच्या दाराला साखळी. आगरोधक दारांच्या फाइलमध्ये निम्म्या मजल्यांची प्रमाणपत्रंच नव्हती, त्यामुळे इमारत तपासणीचा अंतिम दाखला अडकलेला. दाखल्याविना खरेदीदाराला गृहकर्ज मिळत नाही आणि खरेदीखत होत नाही. रिकाम्या फ्लॅटवर रोज व्याज चढत होतं. शेजारच्या साइटवर जायचा रस्ता तर कंपनीच्या नावावरच नव्हता, ती पट्टी अजून कौन्सिलच्या गृहनिर्माण खात्याची होती. बोली लावणाऱ्याच्या वकिलांना हे लगेच सापडलं आणि बोली खाली आली. तोवर आधीचा आकडा कौन्सिलच्या अंदाजपत्रकात जाऊन बसला होता. ती दरी पुढे सेवांमध्ये कपात करून भरावी लागली, आणि त्यात ज्यांचा काही संबंध नव्हता अशा लोकांचं नुकसान झालं.

म्हणून प्रत्येक साइटवर माझे तीनच प्रश्न. जमीन नक्की कोणाच्या नावावर आहे? काम आज थांबवलं तर ठेकेदाराला काय द्यावं लागेल? आजपासून पुरं करायला किती लागेल आणि विकून किती येईल? आजवर ओतलेला पैसा या हिशेबात येत नाही. तो कुठल्याच पर्यायाने परत मिळणार नाही. क्रॉयडननेही २०२१ मध्ये विक्रीचा पर्याय तपासला आणि शेवटी सुरू असलेली बांधकामं पुरी करून कंपनी आटोपती घ्यायचा मार्ग धरला. ‘बंद करून टाका आणि मोकळे व्हा’ असं पहिल्याच बैठकीत म्हणणाऱ्यांनी अर्धवट इमारतीभोवतीचं पहाऱ्याचं आणि परांच्यांच्या भाड्याचं एका महिन्याचं बिल तरी बघावं.

थोडक्यात, पण महत्त्वाच्या

घाईने जमीन विकू नका. १९७२च्या स्थानिक शासन कायद्याचं कलम १२३ सर्वोत्तम किंमत मिळवायला सांगतं, आणि कौन्सिल पैशांच्या तंगीत आहे हे खरेदीदारालाही ठाऊक असतं.

जो नगरसेवक कंपनीचा संचालक आहे, त्याने कंपनीच्या कर्जावर मत देऊ नये. कंपनी बुडायला लागली की संचालकाला धनकोंचं हित पाहावं लागतं, आणि सगळ्यात मोठी धनको बहुधा कौन्सिलच असते. एका खुर्चीत दोन्ही भूमिका बसत नाहीत.

घरं बांधायला काढलेल्या कंपनीवर भलती कामं लादू नका. क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉल्स या कलासंकुलाचं नूतनीकरण ३ कोटी पौंडांत व्हायचं होतं, खर्च ६ कोटी ७० लाखांच्या आसपास गेला. ते कामही ‘ब्रिक बाय ब्रिक’कडेच होतं.

सल्लागारांचा जाडजूड अहवाल म्हणजे निर्णय नव्हे. त्यातली गृहीतकं पाठीमागच्या परिशिष्टात असतात, तिथून वाचायला सुरुवात करा. घरांच्या किमती किती टक्के घसरल्या तर शिफारस उलटते, हे समितीत मोठ्याने विचारा.

आणि बंद करायचं ठरलंच, तर आधी राहायला आलेल्या कुटुंबांचा विचार करा. छत गळायला लागलं की ते कोणाला फोन करणार? कंपनीचा शेवटचा कर्मचारी जाण्याआधी इमारतींच्या देखभालीची कागदपत्रं, वॉरंट्या आणि ठेकेदाराच्या बिलातून राखून ठेवलेल्या रकमांचा हिशेब गृहनिर्माण खात्याने लेखी ताब्यात घ्यावा, आणि दोषदुरुस्तीसाठी एका अधिकाऱ्याचं नाव व फोन नंबर प्रत्येक घरी कळवावा.